घाटात ब्रेक तापतात, मग निफाडला डबे गार का?

डिसेंबरातली सकाळ. मनमाडहून निघालेली पंचवटी एक्सप्रेस निफाड सोडते तेव्हा डब्यातल्या सगळ्या खिडक्या खाली ओढलेल्या असतात, तरी कुठल्या ना कुठल्या फटीतून वारं आत शिरतंच. कानटोप्या, मफलर, स्वेटरवर शाल. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा थंडीच्या लाटेत पाच अंशांखाली घसरतो आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात निफाडचं नाव येतं, ती ही थंडी. त्यानंतर दीडेक तासाने हीच गाडी इगतपुरीला थांबते, ब्रेक तपासले जातात आणि ती कसारा घाट उतरू लागते. मग नेहमीच्या प्रवाशांच्या ओळखीचा एक वास डब्यात येतो, तापलेल्या ब्रेकचा.

अशाच एका सकाळी शेजारी बसलेल्या पासधारक काकांनी विचारलं होतं, "अहो, खाली एवढं तापतंय आणि आपण वर कुडकुडतोय. ती उष्णता डब्यात घेता येत नाही का?"

प्रश्न अतिशय चांगला होता. मी तेव्हा "अवघड आहे" एवढं म्हणून विषय संपवला. पण ६ जून २०२५ ला कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली, तिच्या डब्यांतले हीटर, पाण्याच्या टाक्या गोठू नयेत म्हणून लावलेले तापक, चालकाच्या काचेत बसवलेल्या तापणाऱ्या तारा यांच्या बातम्या आल्या, आणि काकांचा प्रश्न पुन्हा डोक्यात घोळू लागला. त्याचं नीट उत्तर द्यायचा हा प्रयत्न.

ब्रेक लावला की वेग जातो कुठे?

सप्तशृंगी गडावरून स्कूटरने उतरलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. सतत ब्रेक दाबत खाली आलात तर चाकाच्या मधल्या भागाला हात लाववत नाही. गडावर चढताना पेट्रोल जाळून स्कूटर उंचावर नेलेली असते. उतरताना ती उंची हळूहळू संपते, आणि त्या उंचीत साठलेली ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त रूप बदलते.

रेल्वेचंही हेच. जुन्या डब्यांत ब्रेकचे ठोकळे थेट चाकावर दाबले जातात. नव्या एलएचबी डब्यांत प्रत्येक आसावर दोन धातूच्या चकत्या असतात आणि दोन्ही बाजूंनी पॅड येऊन त्या चकतीला चिमटा घेतात. एका डब्याला चार आस, म्हणजे आठ चकत्या. वेग कमी करण्याचं काम घर्षणाचं, आणि घर्षणातून निघणारी उष्णता या चकत्यांची.

कागद-पेन्सिलीचा हिशेब

आकडे थोडेसेच घेऊ, पण घेऊ. त्यांच्याशिवाय हा विषय हवेत राहतो.

२२ डबे आणि एक इंजिन मिळून गाडीचं वजन ढोबळमानाने १,२०० टन धरू. इगतपुरी ते कसारा हा घाटाचा सुमारे १५ किलोमीटरचा उतार, आणि एवढ्या अंतरात गाडी साधारण ३०० मीटर खाली येते. सर्वांत तीव्र जागी चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. म्हणूनच तर वर येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात.

१,२०० टन वजन ३०० मीटर खाली येताना जी ऊर्जा सुटते ती विजेच्या भाषेत जवळपास ९८० युनिट भरते. यातला थोडा भाग चाकं-रुळांच्या आणि हवेच्या रोधात जातो. तरी ९०० च्या आसपास युनिट उरतात, आणि ते ब्रेकला गिळावे लागतात. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराची ही नऊ महिन्यांची वीज. एक गाडी, एकदा घाट उतरली, की एवढी.

सगळी ब्रेकिंग चकत्यांनीच केली असं धरलं तर २२ डब्यांच्या १७६ चकत्यांना प्रत्येकी पाच युनिट येतात. दोन किलोवॉटचा गिझर अडीच तास चालू ठेवावा तेवढी उष्णता एकेका चकतीतून बाहेर पडणार. वास का येतो, ते आता कळेल.

सपाट रुळांवरही ब्रेक लागतातच. ताशी ११० च्या वेगातली हीच गाडी पूर्ण थांबवायची तर सुमारे १५५ युनिट सुटतात, डब्यामागे सात. लासलगाव, निफाड, नाशिकरोड, देवळाली हे थांबे मोजा. काकांचा मुद्दा अगदी बरोबर होता: उष्णता आहे आणि भरपूर आहे.

आणि डब्याला लागते किती?

हा आकडा बघून मला स्वतःला आश्चर्य वाटलं होतं. खिडक्या बंद असलेला वातानुकूलित डबा घ्या. बाहेर ६ अंश, आत २२ अंश हवेत. भिंती-काचांतून निसटणारी उष्णता आणि श्वासासाठी आत घ्यावी लागणारी ताजी हवा गरम करण्याची उष्णता मिळून माझ्या ढोबळ हिशेबाने १५ किलोवॉटच्या घरात जाते. पण स्वस्थ बसलेला प्रत्येक माणूस स्वतः साधारण १०० वॉट उष्णता देत असतो. सत्तर प्रवासी म्हणजे सात किलोवॉट, साडेतीन गिझरच. उरलेल्या आठ किलोवॉटची सोय केली की झालं. मनमाड ते इगतपुरी दोन तास धरले तर डब्यामागे १६ युनिट.

एकटा घाट डब्यामागे ४० युनिट देतो. मग अडतंय कुठे?

वळीव आणि ठिबक

नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला हे एका वाक्यात सांगता येईल. ब्रेकची उष्णता वळवाच्या पावसासारखी येते आणि डब्याला हवं असतं ठिबक.

गाडी थांबताना दीड-दोन मिनिटांत सगळी उष्णता एकदम येते, नंतर पुढच्या थांब्यापर्यंत काहीच नाही. डब्याला मात्र दर मिनिटाला थोडी थोडी हवी. घाटात तर वेळही चुकते. खरी थंडी निफाडला, पहाटेनंतर. ९०० युनिटांचा साठा हाती येतो तो इगतपुरीच्या पुढे, ऊन वर आल्यावर आणि गाडी खाली, उबदार हवेत उतरत असताना. बाग सुकत असताना पाट कोरडा आणि छाटणीच्या दिवसांत आवर्तन, असं ज्याने अनुभवलंय त्याला याहून जास्त समजावण्याची गरज नाही.

जागाही चुकते. थंडीच्या लाटेत बागेत शेकोट्या पेटवतात त्या ओळींच्या मधोमध, बांधावर नाही. ब्रेकची चकती डब्याच्या खाली, फिरत्या आसावर, उघड्यावर असते. तिच्यावरून वाहणारा वारा सगळी उष्णता मागच्या रुळांवर सांडून जातो.

मग पाइप टाकून ती हवा वर आणा

हा लगेच सुचणारा उपाय, आणि इथेच खरी गोम आहे. ब्रेकचं काम उष्णता लवकरात लवकर टाकून देणं हे आहे. चकती थंड झाली तरच पुढच्या वेळी ती तितक्याच ताकदीने गाडी थांबवू शकते. अति तापलेल्या ब्रेकची पकड सैल पडते. घाटातले ट्रकचालक उतारावर खालचा गिअर टाकून येतात ते याच भीतीने. चकतीभोवती पेटी बसवून उष्णता गोळा करू लागलो तर तिचा वारा अडेल आणि ती आणखी तापेल. प्रवाशांच्या उबेसाठी ब्रेकच्या थंड होण्यावर मर्यादा घालणं कुठलाही अभियंता मान्य करणार नाही, आणि करूही नये.

दुसरी अडचण, ती हवा स्वच्छ नसते. पॅड झिजून निघालेली बारीक धूळ, लोखंडाचे कण, रुळांवरची घाण, सगळं तिच्यात असतं. ती थेट नाकात घालण्यासारखी नाही. मध्ये उष्णता बदलणारी जाळी बसवायची तर तीही त्याच धुळीने बुजणार.

इथे विषयाला जरा सोडून एक गोष्ट सांगतो, कारण ती जिवाची आहे. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. घाबरून खाली उतरलेले प्रवासी शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडले. घाट उतरताना ब्रेकचा जळकट वास येणं हे ब्रेक काम करत असल्याचं लक्षण असू शकतं. डब्यात प्रत्यक्ष धूर भरत असेल, एकाच चाकातून ठिणग्या किंवा धूर सतत येत असेल, तर तिकीट तपासनीसाला सांगा, १३९ ला फोन करा. उतरण्याची वेळ आलीच तर शेजारच्या रुळांच्या बाजूला उतरू नका.

मोटारीचा हीटर तर फुकट चालतो!

चालतो, कारण तिथे परिस्थिती उलट आहे. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत इंजिन सुरू असेपर्यंत उष्णता अखंड निघत राहते, आणि ती इंजिनापासून दूर नेणारं पाणी नळ्यांमधून आधीच फिरत असतं. त्या नळीला एक फाटा काढून छोटी जाळी आणि पंखा बसवला की हीटर तयार. ठिबक आयतंच मिळालेलं. विजेवर चालणारी मोटार घेतलेल्यांना हा फरक जाणवतो. तिथे इंजिनाची उष्णता नाही, हीटर लावला की बॅटरी उतरू लागते.

साठवून ठेवली तर?

हे जमतं, आणि जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या रेल्वेत प्रवाशांच्या पायाशी गरम पाण्याचे धातूचे डबे ठेवत. १८८० च्या दशकात काही गाड्यांत त्या डब्यांत पाण्याऐवजी सोडियम अॅसिटेट नावाचं मीठ भरू लागले. ते ५८ अंशांना वितळतं आणि पुन्हा घट्ट होताना साठवलेली ऊब बराच वेळ सोडत राहतं. आज औषधांच्या दुकानात शेकण्यासाठी जी पुन्हापुन्हा वापरायची पिशवी मिळते, आतली चकती टिचकवली की गरम होणारी, तिच्यातही हेच मीठ असतं.

आता हिशेब. या मिठाच्या एका किलोत वितळण्याची सुमारे २६० किलोजूल उष्णता मावते, आणि एक युनिट म्हणजे ३,६०० किलोजूल. म्हणजे युनिटमागे १४ किलो मीठ. घाटातले डब्यामागचे ४० युनिट साठवायला साडेपाचशे किलो! टाक्या, नळ्या, आवरण वेगळंच. आपल्याकडची थंडी जेमतेम दोन-अडीच महिन्यांची. उरलेलं वर्षभर, एप्रिल-मेच्या उन्हातसुद्धा, अर्ध्या टनाहून जास्त ओझं प्रत्येक डब्याने वाहायचं, घाट चढताना ते ओढायचं आणि उतरताना त्याच ब्रेकनी ते पेलायचं. हा सौदा मला परवडणारा वाटत नाही.

उष्णता होण्याआधीच तिला पकडा

इतका वेळ आपण सांडलेलं गोळा करण्याचा विचार करत होतो. सांडूच दिलं नाही तर?

विजेची मोटर दोन्हीकडून चालते. वीज दिली की ती फिरते, आणि कुणी तिला फिरवलं की ती वीज देते. उतारावर गाडीची चाकंच मोटरला फिरवतात. तिने केलेली वीज वरच्या तारेत परत सोडली की मोटर जड होते आणि गाडीला आवरते. याला रिजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. मी यापुढे 'वीज परत देणारा ब्रेक' म्हणतो.

यात मला सर्वांत भावणारी गोष्ट अशी की हे आपल्याच घाटात जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी झालं. जीआयपी रेल्वेने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजाने, इगतपुरीपर्यंत विजेच्या तारा टाकल्या त्या काळात, १९२८ च्या सुमारास, मालगाड्यांसाठी लांब नाकाडांची इंजिनं आणली. आपल्या लोकांनी त्यांचं नाव ठेवलं खेकडा. हे खेकडे घाट उतरताना वीज परत तारेत देत, आणि ती दुसऱ्या बाजूने चढणाऱ्या गाडीच्या कामी येई. विहिरीवरच्या कप्पीला दोन घागरी बांधल्या की एक खाली जाताना दुसरी वर येते. इथे दोराच्या जागी तार.

पुढच्या बऱ्याच इंजिनांत मात्र ही सोय नव्हती. काहींत मोटरने केलेली वीज इंजिनावरच्याच मोठ्या रोधकांत, म्हणजे शेगडीच्या तारांसारख्या पट्ट्यांत, जाळून टाकत. १९९० च्या दशकात थ्री-फेज इंजिनं आली आणि वीज परत देणारा ब्रेक पुन्हा रुळला. मुंबईच्या नव्या लोकलमध्ये तो आहे. दिल्ली मेट्रोला तर याच ब्रेकच्या बळावर संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेकडून कार्बन क्रेडिट, म्हणजे कार्बन वाचवल्याबद्दलचे विकता येणारे गुण, मिळाले. १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेली मुंबई-शिर्डी वंदे भारत बँकर न लावता कसारा घाट चढते, कारण तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटरी आहेत. उतरताना त्याच मोटरी वीज परत देतात. आणि इंजिनांच्या अशा मोटरींची दुरुस्ती होते ती आपल्या नाशिकरोडच्या ट्रॅक्शन मशीन कारखान्यात.

सगळेच्या सगळे ९०० युनिट परत मिळत नाहीत. इंजिनाची गाडी असेल तर वीज परत देणारी चाकं फक्त इंजिनाची. घाटाच्या तीव्र भागात ती एकटी पुरी पडत नाहीत, डब्यांचे ब्रेक लागतातच. वाटेत मोटर, ट्रान्सफॉर्मर, तार यांत थोडी गळतीही होते. तरी जे हाती येतं ते फार मोलाचं असतं, कारण ते वीज या रूपात येतं.

वीजच का मोलाची?

कारण ती उष्णतेसारखी जागेला आणि वेळेला बांधलेली नसते. मघाचा वळीव आठवा. वरची तार म्हणजे गावभर जोडलेलं पाइपांचं जाळं. आत्ता माझ्या शेतात नको असलेलं पाणी शेजाऱ्याकडे जातं, मला हवं तेव्हा दुसऱ्या कुणाचं माझ्याकडे येतं. निफाडच्या थंडीत डबा तापवायला घाटाची वाट बघायची गरजच उरत नाही. त्या क्षणी घाटात दुसरी एखादी गाडी उतरत असते.

डब्यापर्यंत वीज पोचवण्याची वाटही तयार आहे. पूर्वी एलएचबी डब्यांच्या गाड्यांच्या टोकांना डिझेल जनरेटरचे घडघडणारे डबे असत आणि डब्यांतले दिवे, पंखे, एसी त्यांच्यावर चालत. आता बहुतेक ठिकाणी इंजिनच वरच्या तारेतून वीज घेऊन सगळ्या डब्यांना देतं. त्यामुळे ब्रेक लावताना तयार झालेल्या विजेतला एक भाग तारेपर्यंत न जाता गाडीतच, डब्यांच्या एसी-हीटरमध्ये, वापरला जाऊ शकतो. काकांना हवं होतं ते हेच, फक्त मधला रस्ता विजेचा.

पुढची पायरी आणखी छान आहे. साधा हीटर एक युनिट विजेतून एकच युनिट उष्णता देतो. पण घरचा एसी आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, त्याला उलटं चालवलं तर तो बाहेरची उष्णता उचलून आत आणतो. हा हीट पंप. नाशिकसारख्या बेताच्या थंडीत तो एक युनिट वीज खर्चून तीन युनिटांच्या आसपास उष्णता आत आणू शकतो. मघाचे १६ युनिट मग पाच-सहांवर येतात. काश्मीरच्या गोठवणाऱ्या थंडीत त्याची ताकद कमी होते, तिथे साधे हीटर सोबत लागतात.

म्हणजे ब्रेकची उष्णता थेट कुणीच वापरली नाही?

वापरली. १९३० च्या दशकात अमेरिकेत पीसीसी नावाच्या ट्रॅम आल्या. त्यांची वेग घेताना आणि ब्रेक लावताना तापणारी रोधक-यंत्रणा डब्याच्याच पोटात होती. तिच्यावरून पंख्याने हवा फिरवायची आणि हिवाळ्यात ती प्रवाशांकडे वळवायची. हे जमलं याचं कारण बघा: उष्णता घर्षणाच्या चकतीत नव्हती, न फिरणाऱ्या विजेच्या पट्ट्यांत होती, त्याच डब्यात होती, आणि शहरी ट्रॅम दर चौकात थांबत असल्याने ती सारखी मिळत होती. वळीव नव्हे, जवळजवळ ठिबकच.

दुसरं उदाहरण लंडनचं. तिथल्या भुयारी रेल्वेच्या बोगद्यांत ब्रेकची आणि मोटरींची उष्णता दशकानुदशकं मुरत गेली. इझ्लिंग्टन भागात २०२० पासून एका जुन्या, बंद स्थानकाच्या हवेच्या विवरातून ती गरम हवा घेऊन हीट पंपाने हजाराहून अधिक घरांना ऊब दिली जाते. बोगदा बंदिस्त म्हणून हे शक्य झालं. लासलगाव-निफाडच्या उघड्या माळावर उष्णता गोळा व्हायला बोगदा नाही.

आमच्या साध्या डब्याचं काय?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याचं उत्तर मनासारखं नाही. खिडक्या-दारं उघडी असलेल्या डब्यात कितीही उष्णता सोडा, ती टिकत नाही. सकाळी कामावर जाणारे बहुतेक चाकरमानी याच डब्यांत असतात. त्यांच्या थंडीवरचा पहिला उपाय हीटर नाही. नीट बंद होणाऱ्या खिडक्या, रबराच्या न फाटलेल्या पट्ट्या आणि आपोआप मिटणारी दारं हा तो उपाय. वर हिशेब केला त्याप्रमाणे भरलेला डबा स्वतःच साडेतीन गिझरांची ऊब तयार करत असतो. ती फटींतून जाऊ दिली नाही तरी निफाडची सकाळ पुष्कळ सुसह्य होईल. हे काम स्वस्त आहे आणि त्यासाठी नवा शोध लागत नाही.

या जानेवारीत ते काका पुन्हा भेटले. इगतपुरी सुटली, गाडी घाटात शिरली, आणि मी त्यांना घागरींची आणि कप्पीची गोष्ट सांगत होतो तेवढ्यात शेजारच्या मार्गावरून एक मालगाडी समोरून आली. मागे बँकर, अगदी सावकाश, वर चढत. काका खिडकीशी वाकून शेवटचा वॅगन जाईपर्यंत बघत राहिले.

"म्हणजे आत्ता तिला आपण ढकलतोय?"

"थोडंसं," मी म्हणालो, "हो."